तळ्यात हरवलेली भागीरथी

म्हैसूर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो दिव्यांनी उजळलेला राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि चंदनाचा दरवळ. पण विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातल्या जयलक्ष्मी विलास या वाड्याचे वैभव वेगळे आहे. एकेकाळी राजकन्येचा निवास असलेल्या या वास्तूत १९६८ साली लोकसंस्कृतीचे संग्रहालय उभे राहिले. खेड्यापाड्यांतल्या बाहुल्या, मुखवटे, भांडीकुंडी इथे मानाने राजवाड्यात आली.

जवळच कुक्करहळ्ळीचे विस्तीर्ण तळे आहे. मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या काळात, १८६४ साली ते बांधले गेले. सकाळ-संध्याकाळ बांधावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. कन्नड माणसाला मात्र तळे म्हटले की एक लोकगीतही आठवते, ‘केरेगे हार’, म्हणजे तळ्याला दिलेला बळी.

उत्तर कर्नाटकातल्या या कथागीतात गावचा गौडा तळे खोदतो, पण पाणी लागत नाही. सुनेचा बळी द्यावा, असे ज्योतिषी सांगतो. थोरली गेली तर घराचे थोरपण कोण सांभाळणार? म्हणून धाकटी भागीरथी निवडली जाते. ती माहेरी जाते. बाप विचारतो, डोळ्यांत पाणी का? ती खरे सांगत नाही. पूजा करून सगळे परततात आणि विसरलेली सोन्याची वाटी आणायला तिला एकटीलाच मागे धाडतात. पाणी पायरी-पायरीने चढते आणि भागीरथी बुडते.

गावाला पाणी मिळाले. पण तिला कोणी विचारले होते का? मुकाट्याने सोसते ती गुणी सून, हाच धडा पिढ्यान् पिढ्या मुलींना मिळाला. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांतली सूनही माहेरी जाण्यासाठी घरातल्या प्रत्येकाची परवानगी मागत फिरतेच ना!

मग अशी गाणी टाकून द्यायची का? मुळीच नाही. या गीताचा शेवट नीट ऐकावा. लढाईवरून परतलेला भागीरथीचा नवरा त्याच तळ्यात उडी घेतो. ज्याच्या घराण्याने बळी दिला, त्यालाच ते पाणी नकोसे झाले. सोसण्याची थोरवी गाता गाता गाणाऱ्यांनी त्या सोसण्याची किंमतही सांगून ठेवली आहे.

लेकीला हे गाणे जरूर ऐकवावे. मात्र भागीरथीच्या मुकेपणाचे कौतुक करू नये. बापाने विचारले, तेव्हा तिने खरे सांगायला हवे होते, एवढे आवर्जून सांगावे. आणि ते ऐकून घेणारे माहेरही हवे!