पार्ल्याच्या अलीकडे

वास बोलावून येत नाही. आवाज मनातल्या मनात पुन्हा ऐकता येतो, डोळे मिटले की चेहरा समोर उभा राहतो, पण वास आपल्या मर्जीने येतो, आणि आला की आपण तेव्हा कुठे होतो, शेजारी कोण होतं, कुणाचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, ते सगळं एकदम घेऊन येतो. माझ्याकडे असा एक वास आहे. लोकलने सांताक्रूझ सोडलं, वेग घेतला न घेतला तोच गाडी पुन्हा मंदावू लागली, की उजव्या दारातून आत शिरणारा. भाजत आलेलं पीठ, वितळलेली साखर आणि त्यामागे दुधाचा किंचित करपट गोडवा. विलेपार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास.

माझ्या मनात तो विमानतळाशी जोडला गेला ताईमुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेला जाणाऱ्याला तेव्हा 32 किलोच्या दोन बॅगा नेता यायच्या आणि आईने त्यातला एक किलोही वाया जाऊ दिला नव्हता. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकरची जास्तीची रिंग, लोकरीचं सगळं. शेजारून मागून आणलेल्या वजनकाट्यावर बाबा आधी स्वतः उभे राहत, मग बॅग कवटाळून उभे राहत आणि वजाबाकी करून आकडा सांगत. आकडा जास्त आला की आई बॅग उघडून काहीतरी काढी, हातात धरून बसे आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा आत ठेवी. शेवटी तिने दोन्ही बॅगांच्या मुठींना खणाच्या लाल पट्ट्या बांधल्या, तिकडे शेकडो बॅगांत आपली चटकन ओळखू यावी म्हणून.

आमच्या दादरला रिक्षा नाही. ती मिळते वांद्र्यापासून पुढे. म्हणून बाबांनी ठरवलं, पार्ल्यापर्यंत स्लो गाडीने जायचं आणि तिथून सहार विमानतळाला रिक्षा करायची. एवढं ओझं घेऊन लोकल? आई रागावलीच. मलाही तेव्हा तो काटकसरीचा हट्ट वाटला होता. आता वाटतं, टॅक्सीत बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं असतं. लोकलच्या बाकावर ते ताईशेजारी बसले.

रात्रीची गाडी, गर्दी ओसरलेली. दोन्ही बॅगा बाकांच्या मधे उभ्या, त्यांना आमचे गुडघे टेकलेले, गाडी हलली की बॅगा हलायच्या आणि आम्ही चौघंही त्यांच्याबरोबर. माटुंगा रोड गेलं. माहीमनंतर खाडीचा तो दाट, आंबूस भपकारा आला, आणि आईने सवयीने पदर नाकाशी नेला. ताईने नाही नेला. ती खिडकीकडे तोंड करून तो वाससुद्धा घेत होती, एरवी ज्याला नाक मुरडायची तोच. वांद्रे, खार, सांताक्रूझ. बाबा तिला पासपोर्ट कुठे ठेवलाय ते पुन्हा विचारत होते आणि ती पुन्हा सांगत होती.

मग तो वास आला.

गाडी स्टेशनात जेमतेम वीस-पंचवीस सेकंद थांबते. बाबा आधीच उठून दाराशी बॅग सरकवू लागले होते. दारातल्या एका अनोळखी माणसाने "पार्ला ना?" एवढंच विचारलं, लाल पट्टीची मूठ धरली आणि गाडी पुरती थांबायच्या आत बॅग उतरवायचा पवित्रा घेतला. दुसरी मी आणि बाबांनी मिळून ढकलली. गाडी गेली, तो माणूसही तिच्याबरोबर गेला. आम्ही फलाटावर दोन बॅगांभोवती उभे, आणि भोवती सगळीकडे तो गोड, उबदार वास, घरात कुणीतरी आपल्यासाठी काही भाजत असावं तसा. ताई हलेना. "चल ग, उशीर होतोय," आई म्हणाली, पण तीही हलली नाही.

सहारचं फारसं आठवत नाही. कठडा, काचा, हलणारे हात. परतताना मात्र पार्ल्याला गाडी समोर येऊन उभी राहिली, आणि बाबा बाकावरून उठलेच नाहीत. "पुढची घेऊ," म्हणाले. शेवटच्या गाड्यांची वेळ होती, तरी आई काही बोलली नाही.

पार्ल्याच्या त्या कारखान्याची सुरुवात 1929 ची. गावाचं नाव घेऊन तो उभा राहिला, बिस्किटं 1939 पासून होऊ लागली, आणि 2016 मध्ये तो बंद झाला. बिस्किटं इतर ठिकाणी होतात, चवही तीच असते. पण पुढे किती तरी दिवस सांताक्रूझ सुटलं की माझी छाती आपोआप भरून श्वास घ्यायची, आणि आत नुसता वारा यायचा. हाय! शहर इमारती पाडतं तेव्हा त्यांचे फोटो तरी उरतात.

आता दादरहून भुयारी मेट्रोने थेट विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या स्टेशनात उतरता येतं. मागल्या वेळी ताई तशीच गेली. लिफ्ट, गार हवा, चाकांवर सुळकन जाणाऱ्या बॅगा. मला त्याचा मनापासून आनंद आहे. बाबांच्या पाठीला हे सुख मिळायला हवं होतं.

तरी पुढच्या महिन्यात भाची पहिल्यांदाच एकटी येतेय, परत जाताना तिला सोडायला मी लोकलनेच जाणार आहे. तिच्या आईने मुठीला बांधायला खणाची पट्टी आत्ताच मागून ठेवली आहे. खाडी आली की मी तिला नाक झाकू देणार नाही. सांताक्रूझनंतर उजव्या दाराशी उभी करीन आणि तिच्या आजोबांनी तिथे एक गाडी का सोडली, ते सांगायला सुरुवात करीन. वीस-पंचवीस सेकंदांत ते काही सांगून व्हायचं नाही. पुढची गाडी घेऊ.