कुठली लीळा?

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे आमच्या जुन्या गाडीने छत्रपती संभाजीनगरहून रिद्धपूरला जाऊन आलो. वीस-बावीस वर्षे ‘लीळाचरित्र’ शिकवणाऱ्या आम्हा नवराबायकोने, तो ग्रंथ ज्या गावी सिद्ध झाला ते गाव तोवर पाहिलेले नव्हते, ही कबुली आधीच दिलेली बरी.

या ओशाळेपणामागे एक जुना प्रसंग आहे. आमच्यापैकी एकाच्या तासाला गोविंदप्रभूंच्या विक्षिप्त वाटणाऱ्या लीळा वाचताना वर्ग हसत होता. वाचणाराही हसत होता. महानुभाव घरातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी हे हात धुऊन वाचतात.” “इथे आपण वाङ्मय म्हणून वाचतो,” असे उत्तर देऊन तास पुढे गेला. त्या उत्तराचे घरी आल्यावर आम्ही दोघांनी कौतुकच केले होते.

सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आम्ही घाईने पाहिला. लोणारला मात्र थांबलो. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये घडलेले ते विवर, गावातले दैत्यसूदनाचे देऊळ, हे सारे पाहणारे पुष्कळ होते. चक्रधरस्वामी इथे आले होते, हे आम्हांला ठाऊक होते; पण ते परीक्षेतल्या टिपेसारखे. पिशवीत वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘स्थानपोथी’ होती. स्वामी कुठे राहिले, देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, असे सांगणारे हे पुस्तक आम्ही आजवर भाषेच्या नमुन्यांसाठीच चाळले होते. ते हाती धरून गावातून हिंडता येते, हे लोणारच्या गल्लीत उभे राहिल्यावर सुचले. (एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने दिशा शोधायची, यात आमचे भांडणही झाले. पूर्व कुठली यावर!)

मेहकर, अकोला, अमरावती करत मोर्शी तालुक्यात शिरलो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा होत्या. २०२४ पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याचा अभिमान वाटतोच. पण आम्ही आधी वाजेश्वरीच्या स्थानाकडे वळलो. म्हाइंभटांनी इथेच १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ रचले. गावोगाव हिंडून ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. एका लीळेच्या दोन आठवणी जुळत नसतील, तर परंपरेने दोन्ही जपून ठेवल्या. संशोधनाची शिस्त म्हणून हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो.

ओट्यापाशी एक म्हातारी बाई बसल्या होत्या. आम्ही नमस्कार केला. त्यांनी “दंडवत प्रणाम” म्हटले. कुठून आलात, काय करता, अशी चौकशी झाली. “कॉलेजात ‘लीळाचरित्र’ शिकवतो,” असे आम्ही सांगितले, थोडे मिरवतच.

“कुठली लीळा शिकवता?”

आम्ही ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’, अभ्यासक्रमातला नेमलेला भाग असे सांगू लागलो. बाईंनी हाताने थांबवले. “तसं नाही. कुठली? पैठणची, लोणारची, का इथली?”

म्हाइंभट ज्या अर्थाने विचारत हिंडले असतील, त्याच अर्थाने त्या विचारत होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. नेमलेल्या एकेका लीळेचे गाव आठवताना आमची तारांबळ उडाली. मग त्यांनीच रिद्धपूरची एक लीळा सांगितली, बोटाने जागा दाखवत, आणि मधेच खुदकन हसल्या. ते हसू आमच्या वर्गातल्या हसण्यासारखे नव्हते.

परतताना रस्त्यावर संत्री घेतली. पुढे कधीतरी लक्षात आले, की ती जड पिशवी आम्ही ‘लीळाचरित्रा’च्या प्रतीवरच ठेवली आहे. गाडी थांबवून प्रत काढली, पुसली, मांडीवर घेतली. त्या मुलीचे आडनाव अमरावतीपर्यंत आठवत होतो. आठवले, पण ती आता कुठे असते, हे आम्हां दोघांनाही माहीत नाही.