दिव्याखालचा धूर

पापांची यादी काळाप्रमाणे वाढत जाते, ही गोष्ट मला कोर्लईस उमगली. किल्ला पाहून उतरताना मी गावातील माउंट कार्मेलच्या चर्चपाशी सावलीला टेकलो होतो. पोर्तुगीज येथून १७४० साली गेले. पण येथील ख्रिस्ती घरांत त्यांच्या वळणाची बोली अद्याप नांदते आहे. एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे निघाले. मासळी, हवा, मुलांचा खोकला असे करता करता ते हसून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, लहानपणी पाद्रीबाबांपुढे खोटे बोललो, आंबे चोरले, एवढी कबुली दिली की सुटका होई. आता हवा नासवणे हेही पापच, असे पोपसाहेब सांगून गेले!”

मी हसलो खरा. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आले.

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ सालचे. ते पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला उद्देशून आहे, आणि कोळशासारखी इंधने क्रमाक्रमाने सोडावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आदल्याच वर्षी अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने वीजकेंद्रांच्या कर्बवायूवर राष्ट्रीय मर्यादा घालण्यास पाठिंबा दिला होता. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा ‘धर्मगुरूने या भानगडीत कशाला पडावे?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांत मीही होतो.

इतकेच नव्हे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या बाजूस कोळशावरचे वीजकेंद्र यावयाचे घाटत होते. तेथील शेतकरी भातखाचरांसाठी आणि जिताड्यांच्या तळ्यांसाठी झगडत असता मी पंख्याखाली बसून त्यांना प्रगतीचा पाठ देत होतो. केंद्र उभे राहिले नाही, यात माझे पुण्य काडीचेही नाही.

कोळसा जळला की गंधकाचा वायू धुराड्यातून वर जातो. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्यावर दूरवर जातात. धुराडे उंच केल्याने घाण नाहीशी होत नाही, फक्त लांबच्या अंगणात पडते. हा वायू धुऊन काढण्याची युक्ती जुनी आहे. डहाणूच्या केंद्रात, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर नेमलेल्या प्राधिकरणाने पिच्छा पुरवला, तेव्हा कोठे २००७ साली तसे यंत्र बसले. डिसेंबर २०१५ मध्ये देशभरच्या केंद्रांना मर्यादा व दोन वर्षांची मुदत मिळाली. मुदती लांबत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून सूटच देण्यात आली. आपल्या कोळशात गंधक थोडे आणि यंत्र महाग, हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. पण पैसा एकाचा वाचतो आणि खोकला दुसऱ्याला लागतो, हे कोणत्या वहीत मांडावयाचे?

अभियंता वायूचे प्रमाण सांगेल, हिशेबनीस यंत्राची किंमत सांगेल. खोकणाऱ्याचे नाव हिशेबात घाला, असे म्हणणारा तिसरा कोणी हवा. तो झगा घालून आला म्हणून बिघडत नाही, हे मला उशिरा कळले.

त्या रात्री ओटीवरचा निष्कारण जळणारा दिवा मी मालवला. एवढ्याने पापक्षालन होत नाही, हे मी जाणतो. धूर धुण्याचा खर्च माझ्या विजेच्या बिलात चढला तर कुरकूर करणार नाही, एवढी कबुली मात्र येथे लिहून ठेवतो.