कपाटाची चावी

सोळावा वाढदिवस झाला त्या रात्री खरकटी भांडी आवरताना पोराने विचारलं, "बाबा, आता मी माझं लायसन काढू शकतो ना?" इथे सोळाव्या वर्षी गाडीचं शिकाऊ लायसन मिळतं, म्हणून मी म्हटलं, "काढू या की." त्यावर तो जरा थांबून म्हणाला, "गाडीचं नाही. बंदुकीचं."

आम्ही न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला राहतो. बारा वर्षं झाली. इथे सोळा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परवान्यासाठी अर्ज करता येतो. भारतात त्याला एकवीस वर्षं लागतात. हा फरक कळल्यावर मी इथल्या कायद्यालाच वेड्यात काढलं. मग कळलं की चिरंजीव दोन वर्षं मित्राच्या वडिलांबरोबर पुरेओराच्या जंगलात जात होते ते नुसते डोंगर चढायला नाही. परवाना असलेला माणूस शेजारी उभा असेल तर सोळाच्या आतल्या मुलालाही इथे रायफल चालवता येते. त्याने हे लपवलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

बंदुकीबद्दलचं माझं मत तोवर दगडावरची रेघ होतं. बंदूक पोलिसाकडे असते, गुंडाकडे असते, नाहीतर वरातीत हवेत बार काढणाऱ्या पुढाऱ्याकडे. चांगल्या घरात ती नसते. आणि ज्या पोराला ती हवीशी वाटते, त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलेलं असतं. त्यात 15 मार्च 2019. त्या शुक्रवारी दुपारी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये नमाजाला आलेल्या माणसांवर एकाने गोळ्या झाडल्या, 51 माणसं मेली. (त्याचं नाव घ्यायचं नाही, असं तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी ठरवलं होतं, मीही घेत नाही.) महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली, पुढे सरकारने त्या पैसे देऊन परत घेतल्या. मला वाटलं, एवढ्यावर का थांबले? सगळ्याच घ्या की.

हरणांच्या शिकारीची इथली बाजू मला माहीत नव्हती असं नाही. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मूळचा नाहीच. हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आणून सोडली. त्यांना खाणारं कुणी नाही, म्हणून ती जंगलाची कोवळी वाढ फस्त करतात. सरकारी रानात शिकारीचा परवाना फुकट मिळतो. हे सगळं मी पाहुण्यांना सांगायचो, घरी बसून, चहा पीत. माझ्या पोराने ट्रिगरवर बोट ठेवायचं, हे मात्र त्या माहितीत बसत नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला आजही जड जाते. मी म्हटलं, "ठीक आहे. मीपण अर्ज करतो. दोघं मिळून करू." पोरगा इतका खूश झाला की त्याने मला मिठी मारली. बायकोने माझ्याकडे संशयाने पाहिलं, आणि तिचा संशय रास्त होता. मला परवाना नको होता. मला त्या प्रक्रियेत शिरायचं होतं. परवाना देण्याआधी इथे घरी येऊन मुलाखत घेतात. अर्जदाराची घेतात, आणि त्याच्या जवळच्या माणसाची वेगळी घेतात. अठरा-वीस वर्षांखालच्या पोराचा जवळचा माणूस म्हणजे आईबाप. त्या मुलाखतीत बोलायचं वाक्य मी तयार करून ठेवलं होतं: "गेल्या वर्षी तो दोन महिने कुणाशी बोलत नव्हता, खोलीतून बाहेर येत नव्हता."

वाक्य खरं होतं. त्याचा जिवलग मित्र ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि पोरगा खंतावला होता, एवढंच. पण कारण वगळलं की ते वाक्य काय काम करेल हे मला नीट ठाऊक होतं. मुलाच्या पाठीत सुरा खुपसायचा आणि सुऱ्यावर शिक्का मात्र सरकारचा, असा माझा बेत होता. तरी स्वतःला मी काळजी करणारा बापच म्हणवत होतो.

आम्ही नियमांचं पुस्तक आणलं आणि प्रशिक्षणाला गेलो. हॉलमध्ये दूधवाले शेतकरी होते, एक नर्स होती, शाळकरी मुली होत्या. मी वरातीतले पुढारी शोधत होतो, ते कुठे दिसले नाहीत. सात नियम. पहिला: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. दुसरा: नळी सुरक्षित दिशेलाच धरा. चौथा नियम मास्तरांनी तीनदा म्हणून घेतला: समोर काय आहे याची पूर्ण, निःसंशय खात्री पटल्याशिवाय गोळी झाडू नका. ते म्हणाले, हरणाचा आकार दिसला, हरणाचा रंग दिसला, हरणाचा आवाज आला, तरी ते हरीण नाही. माणूसच आहे, असं आधी धरून चाला.

हे ऐकताना मी मनाने गुहागरला होतो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा महिनाभर चिडलेले असायचे, कारण रानडुकरांना आचारसंहिता नसते. मी नऊ वर्षांचा असताना शेजारचे एक काका पायाला पट्ट्या बांधून पडवीत झोपलेले दिसले. विचारलं तर सगळे म्हणाले, फणसावरून पडले. मी कॉलेजात असताना कळलं की ते रात्री भाताच्या राखणीला बसले होते आणि आजोबांनी हलणारं काळं पाहून बार टाकला होता. मांडीत छर्रे गेले होते. ना तक्रार झाली, ना नोंद. दोन्ही घरांनी आणि वाडीने मिळून फणस ठरवला. बंदुकीची भीती मला तिथून मिळाली असं मी आजवर लोकांना सांगत आलो. फणसाबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

लेखी परीक्षेत दोघं पास झालो. मग एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून अर्ज भरायला बसलो. आधी त्याचा भरला. तब्येतीचे प्रश्न आले तेव्हा त्याने गेल्या वर्षीचे ते दोन महिने स्वतःहून लिहिले. शाळेतल्या समुपदेशकाकडे चार वेळा गेलो होतो, हेही लिहिलं. ते चार वेळा मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला लिहितोस? कोण विचारणार आहे?" बघा, म्हणजे जे मी त्याच्याविरुद्ध वापरणार होतो, तेच तो लिहितोय म्हटल्यावर मी त्याला लपवायला सांगत होतो. लपवायची सवय इतकी मुरलेली, की तिने माझा स्वतःचा कटसुद्धा मोडून काढला.

तो म्हणाला, "ते विचारतायत ना, म्हणून."

मग माझा अर्ज. नाव, पत्ता, डॉक्टरचं नाव. मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? मी 'नाही'वर टिचकी मारली आणि पुढे सरकलो.

"बाबा, ते चुकलंय."

"काय?"

"मागचं. तू गोळ्या घ्यायचास ना. लॉकडाउननंतर."

2020 च्या जुलैत माझी नोकरी गेली होती. त्यानंतर आठ महिने मी औदासीन्यावरच्या गोळ्या घेतल्या. बायकोला माहीत होतं. गावी कुणाला नाही, इथल्या मराठी मंडळात कुणाला नाही, आणि पोराला तर नाहीच, असं आम्ही धरून चाललो होतो. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

"गाडीत पाकीट मिळालं होतं," तो म्हणाला. "नाव गुगल केलं मी." मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "शाळेतून आलो ना, की मी आधी गॅरेज बघायचो. मग घरात यायचो."

"गॅरेज का?"

त्याने उत्तर दिलं नाही. मला दोन-तीन क्षण लागले. मग कळलं.

कुकरची शिट्टी झाली, बायको उठून गेली. मी तसाच बसून राहिलो. बारा वर्षांचं पोर पाठीवर दप्तर घेऊन रोज दुपारी गॅरेजचं दार उघडून आत बघतंय, आणि मग घरात येऊन "खायला काय आहे?" विचारतंय. आठ महिने. त्या आठ महिन्यांत मला वाटत होतं की मी त्याला सांभाळतोय. आताही मी परवान्याला नाव घातलं होतं ते त्याच्यावर नजर ठेवायला. या घरात कुणावर तरी नजर ठेवायची गरज पडली होती खरी, आणि ती त्याने ठेवली होती. एका शब्दाने बोलला नाही, कारण आपल्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत हे तो माझ्याकडूनच शिकला होता. पुढे कुठेतरी, कदाचित त्या समुपदेशकाकडे, ते शिकणं त्याने टाकून दिलं. मी टाकलं नव्हतं. माझा अजून फणसच चालू होता.

मी मागे गेलो आणि 'हो' केलं. तारखा लिहिल्या. गोळीचं नाव मला नीट आठवेना. ते त्यानेच सांगितलं, स्पेलिंगसकट.

त्या आठवड्यात मी क्राइस्टचर्चच्या चौकशी आयोगाने परवान्याबद्दल काय म्हटलंय ते वाचून काढलं. 2019 मध्ये मी नुसता संतापलो होतो, वाचलं काहीच नव्हतं. गोळ्या झाडणाऱ्या त्या माणसाकडे रीतसर परवाना होता, 2017 चा. त्याच्याबद्दल हमी दिली ती एका मित्राने, ज्याच्याशी त्याची ओळख मुख्यतः ऑनलाइन खेळांतून होती, आणि त्या मित्राच्या पालकाने. त्याच्या घरच्या माणसाला, त्याला खरोखर ओळखणाऱ्याला, पोलिसांनी विचारलंच नाही. 'जवळच्या माणसा'ची मुलाखत का महत्त्वाची, हे मला तिथे कळलं. आणि त्याच खुर्चीत बसून मी अर्धं वाक्य बोलणार होतो.

मुलाखतीला एक वयस्क बाई आल्या. आधी लोखंडी कपाट पाहिलं, ते भिंतीला बोल्टने पक्कं आहे का ते हलवून बघितलं. काडतुसांची वेगळी कुलपाची पेटी पाहिली. मग पोराला बाहेर पाठवून मला विचारलं, त्याच्या हाती बंदूक आली तर तुम्हाला घरात सुरक्षित वाटेल का? मी तयार केलेलं वाक्य सांगितलं. पण सगळं सांगितलं: मित्र गेल्याचं कारण, समुपदेशक, आणि ते त्याने स्वतःच लिहिलंय हेही. शेवटी हेही सांगितलं की हे वाक्य मी आधी वेगळ्या हेतूने पाठ केलं होतं. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग लिहीत राहिल्या. नंतर मला बाहेर पाठवून त्यांनी पोराला माझ्याबद्दल विचारलं. तो काय म्हणाला ते मी त्याला विचारलेलं नाही.

बंदूक मला अजूनही आवडत नाही. हरणाचं मटण घरी शिजलं तेव्हा मी दोन घास खाल्ले आणि बाकीचं मुकाट्याने बायकोच्या ताटात सरकवलं. शिकारीला त्याच्याबरोबर एकदा गेलो; दोन दिवसांत एकही गोळी झाडली गेली नाही, कारण झाडीत जे हललं त्याची त्याला खात्री पटली नाही.

त्याला पाच वर्षांचा परवाना मिळाला. त्याने एक साधी बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली आणि तिची सरकारी नोंद केली. माझ्या अर्जासाठी डॉक्टरांचं पत्र मागवलंय, ते अजून आलेलं नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती चावी लागता कामा नये असा इथला नियम आहे. त्यामुळे आमच्या घरातल्या त्या कपाटाची चावी कुठे असते, ते मला माहीत नाही.