कापडबाजाराच्या दोन गल्ल्या पलीकडे

मंगळदास मार्केट ठाऊक नाही अशी मुंबईची गृहिणी शोधूनच काढावी लागेल. लग्नाचा बस्ता असो, पडद्यांचं कापड असो की ब्लाउजपीसचा गठ्ठा, आपली पावलं वर्षातून एकदा तरी तिकडे वळतातच. नाशिक-पुण्याच्या मैत्रिणीसुद्धा मुंबईला आल्या की मंगळदासची फेरी चुकवत नाहीत. पण एक विचारू? त्याच मंगळदासपासून चालत दहा मिनिटांवर नागदेवी स्ट्रीट आहे. तिथे तुम्ही कधी गेला आहात?

"नाही बाई, तिथे आपलं काय काम?" असंच बहुतेकींचं उत्तर येईल.

तिथे आपलं काय काम आहे, तेच आज सांगायचंय. घर नीटनेटकं करायचं म्हटलं की आपण पडदे, अभ्रे आणि टेबलक्लॉथपाशी थांबतो. कपाटाची बिजागरी निखळली, भिंतीवर फळी लावायची झाली, की आपला हात आखडतो. मग घरातल्या पुरुषमाणसाच्या रविवारची वाट पाहायची. रविवारी क्रिकेटची मॅच असते! सुताराला बोलवावं तर एवढ्याशा कामाला तो येत नाही, आणि आला तर कामापेक्षा येण्याचेच पैसे जास्त. असं करत कपाटाचं दार सहा-सहा महिने लोंबकळत राहतं. हे सगळं एका दिवसाच्या पायपिटीत बदलू शकतं, बरं का! चला तर माझ्याबरोबर.

निघण्याआधी थोडी तयारी हवी. खिडक्यांची, फळीच्या जागेची मापं टेपने घेऊन वहीत लिहा. "साधारण एवढी" असं हाताने दाखवून बाजारात भागत नाही. निखळलेली बिजागरी, झिजलेला स्क्रू, कपाटाची तुटकी मूठ, सगळं कागदात गुंडाळून पिशवीत टाका. दुकानदाराला वर्णन करून सांगण्यापेक्षा नमुना दाखवणं केव्हाही सोपं. दिवस निवडताना रविवार नको, कारण बहुतेक बाजार बंद. शुक्रवारही नको, कारण चोरबाजारातली पक्की दुकानं त्या दिवशी बंद असतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार उत्तम. सकाळी अकराच्या सुमारास पोचा. दुकानं उघडलेली असतात आणि गर्दीचा रेटा अजून वाढायचा असतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून उत्तरेकडे चालू लागलं की दहा-बारा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसतो. आता तिचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ साली बांधून झालेली ही इमारत. घाईघाईने आत शिरू नका, जरा मान वर करून प्रवेशदारांवरची कोरीव शिल्पं बघा. त्यांत आपली शेतकरी माणसं कोरलेली आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची. रस्त्यापलीकडच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकवत असत. फळं-भाज्या मात्र परतताना घ्या, नाहीतर दिवसभर ओझं वाहावं लागेल.

मंडईसमोरचा रस्ता ओलांडला की आपला ओळखीचा मंगळदास. इथे तुम्हाला मी काय शिकवणार! तरी पडद्यांपुरत्या दोन गोष्टी सांगते. खिडकीची रुंदी मोजून तेवढंच कापड घेतलं तर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. रुंदीच्या दीडपट, पातळ कापड असेल तर दुप्पट कापड घ्या, म्हणजे चुण्या छान पडतात. उंचीला वरची पट्टी आणि खालची दुमड यांसाठी पंधरा-वीस सेंटीमीटर जास्त धरा. सुती कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आणि कटपीसच्या ढिगाकडे पाठ फिरवू नका. उशीचे अभ्रे, शिलाई मशीनचं झाकण, खुर्चीची गादी, सगळं त्यातून निघतं, तेही निम्म्या-पाऊण खर्चात.

मंगळदासला लागूनच लोहार चाळ. नाव लोहारांचं, पण दुकानं विजेच्या सामानाची! दिवे, शेड, पंखे, बटणं, वायरी यांनी गल्ली भरलेली. साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतका उजेड आता नऊ वॅटचा एलईडी देतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मात्र दिवा घेताना रंग विचारून घ्या. स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाला पांढरा उजेड बरा. बसायच्या खोलीत पिवळसर उजेड लावला की तीच जुनी खोली ऊबदार वाटू लागते. रंग काढायच्या आधी दिवा बदलून बघा. कधी कधी रंगाची गरजच उरत नाही. दिवा किंवा शेड बदलणं आपलं काम, पण नवी वायर ओढणं किंवा बोर्ड उघडणं वायरमनवरच सोपवा. तिथे काटकसर नको.

पुढे अब्दुल रेहमान स्ट्रीट. रंगीत कागद, पुठ्ठे, मणी, लेस, फिती, चित्रांच्या चौकटी! दिवाळीत घरी कंदील करणाऱ्यांनी, मुलांच्या प्रकल्पांसाठी रात्री दहाला धावपळ करणाऱ्या आयांनी ही गल्ली लक्षात ठेवावी. पण आज इथे रेंगाळायचं नाही. आपल्याला त्याच्या शेजारच्या गल्लीत जायचंय.

ती नागदेवी स्ट्रीट. इथे शिरताच हवाच बदलते. लेस-फितींच्या जागी लोखंड येतं, अत्तराच्या जागी वंगणाचा वास. हातगाड्यांवर पाइप, साखळ्या, दोरखंड. दुकानांच्या दारांत करवती टांगलेल्या, आत भिंतभर पाने, पकडी, पटाशा. गिऱ्हाईक म्हणाल तर सगळे पुरुष. पहिल्यांदा गेलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. बघू देत! पाच मिनिटांत जो तो आपापल्या कामाला लागतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्याबरोबर आमच्या इमारतीतल्या एक मावशी आल्या होत्या. साठी उलटलेल्या. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. घरात कुठलंही दुरुस्तीचं काम निघालं की त्या वॉचमनला, शेजारच्या मुलाला विनवायच्या आणि मग चार दिवस त्याच्या सवडीची वाट पाहायच्या. यजमानांची हत्यारांची पेटी माळ्यावर तशीच होती. "कुणाला तरी देऊन टाका," असं सगळे सांगत. वाटेत मला म्हणाल्या, "अगं, हे स्टुलावर चढायचे, मी खालून एकेक खिळा हातात द्यायचे. चाळीस वर्षं खिळे मीच दिले, पण ठोकला एकही नाही."

पेटीतली हातोडी त्यांना जड पडायची, म्हणून हलकी हवी होती. दुकानदार म्हणाला, "आंटी, मिस्त्री को भेज दो." मावशी ठसक्यात म्हणाल्या, "मिस्त्री मैंच हूँ!" तो आधी हसला. मग मात्र त्याने चार हातोड्या काढल्या, एकेक त्यांच्या हातात देऊन तोलून बघायला लावली, आणि पाव किलोची एक त्यांना नेमकी बसली. अशी वस्तू आता फोनवरून घरबसल्या मागवता येते, खरं आहे. पण हातोडीचा तोल हातात धरल्याशिवाय कळत नाही.

आता आपल्या पेटीत काय असावं? फार नको. हलकी हातोडी, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मोजायची टेप, छोटी करवत, काचकागद आणि थोडे निरनिराळ्या मापांचे खिळे-स्क्रू. चौघांनी हॉटेलात एकदा बेताचं जेवावं, साधारण तेवढ्या खर्चात हे होतं. जेवण दुसऱ्या दिवशी विसरतो. पक्कड मात्र लेकीलाही पुरते. भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल महाग असतं. ते दोघी-तिघी शेजारणींनी मिळून घ्यावं.

या पेटीवर पहिली दोन कामं करून बघा. कपाटाची बिजागरी सैल झाली असेल, तर बहुधा बिजागरीचा दोष नसतो. लाकडातलं भोक मोठं झालेलं असतं, म्हणून स्क्रू पकडत नाही. स्क्रू काढा. काडेपेटीतल्या दोन-तीन काड्यांची टोकं तोडून टाका, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट बसवा आणि बाहेर आलेला भाग मोडून सपाट करा. रात्रभर वाळू द्या. सकाळी तोच स्क्रू पुन्हा पिळा. दार मुकाट्याने जागेवर बसतं! खर्च? तीन काड्यांचा.

दुसरं काम फळीचं. भिंतीत नुसता खिळा ठोकला की गिलाव्याचा पोपडा निघतो आणि खिळा हलत राहतो. त्यासाठी प्लास्टिकचा गुल्ला हवा. गुल्ला सहा मिलिमीटरचा असेल तर ड्रिलचं पातंही सहाचंच घ्या. भोक गिलाव्यापुरतं न ठेवता आतल्या विटेपर्यंत खोल न्या, कारण फळीचा भार वीट पेलते. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत कधीही भोक पाडू नका. आतल्या वायरी बहुतेक त्याच रेषांनी गेलेल्या असतात. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. घर सोडताना गुल्ला काढून भोकात लांबी भरली, वरून रंगाचा हात फिरवला, की खूणही राहत नाही.

पाय दुखायला लागले असतील तर चहा घ्या. अजून अंगात दम असेल, तर जे. जे. उड्डाणपुलाखालून मोहम्मद अली रोडने उत्तरेला भेंडी बाजाराकडे चला. तिथून मटण स्ट्रीट, म्हणजेच आपला चोरबाजार. मूळ नाव 'शोर बाजार' होतं आणि त्याचं चोरबाजार झालं, असं सांगतात. आसपासच्या भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू असल्यामुळे जुन्या चाळींमधून आता उंच इमारती डोकावताहेत. पण पितळी कड्या, चिनी मातीच्या मुठी, काचेच्या हंड्या, जुन्या खुर्च्या अजून मिळतात. पहिल्या भावाला होय म्हणायचं नाही, हे काही तुम्हाला सांगायला नको.

जुनी लाकडी खुर्ची घेताना तिला उलटी करा. पायांशी बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे, सोडून द्या. सांधे हलवून बघा. थोडे सैल चालतील, पण मोडलेले नकोत. वेताची जाळी फाटली असेल तर घाबरू नका, ती नव्याने विणून मिळते. विणकर आपल्या भागात कुठे आहे, ते आधी विचारून ठेवा. सांगाडा सागवानी आणि शाबूत असला म्हणजे झालं.

घरी आणल्यावर पॉलिश तुम्हीच करा. आधी ऐंशी नंबरचा काचकागद, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलं तर चरे कायमचे राहतात. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळत ठेवा आणि गाळून घ्या. कापसाची गोळी मलमलीच्या तुकड्यात बांधून तिने पातळ हात द्या. एक वाळला की दुसरा, असे पाच-सहा. जाड थर देण्याचा मोह नको. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस-दिवा पेटलेला नको. आणि पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नका. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा याला अगदी छान.

आमच्या मावशींनी अशीच एक खुर्ची पॉलिश केली. माळ्यावरची पेटी आता खाली, फ्रिजशेजारी असते. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने कपाट लागत नाही म्हणून नवऱ्याला फोन केला. तो ऑफिसात. मावशी वर गेल्या. पण त्यांनी स्वतः काही केलं नाही, स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि शेजारी उभ्या राहून काड्यांची युक्ती तेवढी सांगितली. "मी खिळे देत बसले, तू नको बसूस," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, आपण घर वर्षानुवर्षं झाडतो, पुसतो, सांभाळतो. त्याच्या भिंतीत काय आहे, दार कशावर टेकलंय, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं. म्हणून पुढच्या वेळी मंगळदासला जाल तेव्हा पडद्यांची पिशवी भरली की लगेच स्टेशनकडे वळू नका. दोन गल्ल्या पलीकडे जा. आणि दुकानदाराने मिस्त्रीला पाठवायला सांगितलं, तर काय म्हणायचं ते आता तुम्हाला माहीत आहेच!