नव्वदची कॅसेट

आज पुन्हा रॅपर नासचा 'इल्मॅटिक' लावला. १९९४ चा हा अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खा मावायचा आणि वर पाचेक मिनिटं उरायची. तिथे काय भरायचं, यावरून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आम्हा मित्रांचे कडाक्याचे वाद व्हायचे.

गुरुवारी मध्यरात्रीनंतर कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आणि बॉबिटो ही रॅप लावणारी जोडी यायची. नास, बिगी, जे-झी यांचं नाव होण्याआधी त्यांचा आवाज तिथे ऐकू आला. आम्ही रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून जागत बसायचो. नवी कॅसेट परवडायची नाही. मग विकतच्या जुन्या कॅसेटच्या वरच्या कडेवरच्या खाचांवर चिकटपट्टी लावायची, की पुन्हा भरता यायचं. आईच्या अभंगांच्या कॅसेटना मात्र हात लावायचा नाही, हे पथ्य.

डीजे डू वॉपची '९५ लाइव्ह' ही मिक्सटेप हाती आली तेव्हा तर चैनच पडेना. एका गाण्याच्या ठेक्यावर दुसऱ्याचे शब्द इतके चपखल बसवलेले! मला ती स्वतंत्र निर्मितीच वाटते, तेव्हाही आणि आजही. आता हवं ते गाणं क्षणात मिळतं, मीही ऐकतो. पण मित्राने माझ्यासाठी रात्र जागून लावलेला गाण्यांचा तो क्रम कुठे मिळत नाही, आणि मला तोच हवा असतो.