ग्रस्तास्त



९ नोव्हेंबर २००३ चा रविवार. आदल्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती लावून झाल्या होत्या आणि पहाटे ५ वाजून २ मिनिटांनी चंद्रग्रहण लागायचे होते. आम्ही तेव्हा विज्ञान शिकवीत होतो. आठवीची दहा-बारा मुले, स्वेटर घालून, लहरीपुऱ्यातल्या एका गच्चीवर जमली. त्यांतली काही आज पालक म्हणून सभेला येतात.

चंद्र पश्चिमेला, सुरसागराच्या बाजूला उतरत होता. ग्रहण वरच्या कडेने लागले. छायेची कड गोल आहे, कारण पृथ्वी गोल आहे, हे फळ्यावर दहा वेळा सांगितलेले मुलांनी प्रथमच पाहिले. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोर असतात, म्हणून चंद्र मावळायला आणि सूर्य उगवायला एकच वेळ. ६ वाजून ३६ मिनिटांनी खग्रास होणार होते खरे. पण सव्वासहानंतर आकाश उजळले आणि खालच्या डाव्या कडेची उरलेली कोर धुरकटात दिसेनाशी झाली. ग्रहण अर्धेच राहिले. मुले हिरमुसली.

एक विद्यार्थी मात्र वेगळ्याच काळजीत होता. "सर, आजी आज दिवसभर जेवणार नाही. आणि तिला साखरेची गोळी असते."

आम्ही तडक त्याच्या घरी गेलो. अंधश्रद्धेवरचे भाषण तयारच होते.

आजी म्हणाल्या, "मास्तर, हे ग्रस्तास्त. चंद्र ग्रहणातच मावळला. सुटलेला दिसेपर्यंत जेवायचे नाही."

हा शब्द आम्हाला नवा होता. आमचे कॉलेज हिंदीतून झाले. तिथे छाया, उपच्छाया शिकलो, ग्रस्तास्त कोणी शिकवला नाही. आम्ही म्हणालो, "आजी, मावळला तरी ८ वाजून ३४ मिनिटांनी छाया सुटतेच. गणित पक्के आहे."

"गणित असेल पक्के. मी पाहिले कुठे?"

आता यावर काय बोलणार? डोळ्यांनी पाहा, मगच माना, असे वर्गात आम्हीच सांगत होतो! भाषण तसेच राहिले. शेवटी, बाल, वृद्ध आणि आजारी यांना ग्रहणाच्या उपवासात शास्त्रानेच सूट दिली आहे, याची आठवण करून दिली. विज्ञानाच्या शिक्षकाने धर्मशास्त्राचा आधार घ्यावा, हे आम्हाला आजही थोडे खटकते. पण आजींनी दूध-भाकरी खाऊन गोळी घेतली. "जेवण मात्र संध्याकाळीच," असे बजावले.

संध्याकाळी सव्वासहाच्या पुढे आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. सकाळची अर्धी मुले न बोलावता आली होती. आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. मांडवीच्या बाजूने, घरांच्या वर, चंद्र आला. अख्खा. आजींनी बराच वेळ न्याहाळला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि नातवाला म्हणाल्या, "जा, आता आंघोळीचे पाणी ठेव."